मुंबईच्या फ्लॅटमधला शॉवर : जाळीपासून वरपर्यंत

बाथरूम नव्याने करायचं ठरलं की माणसं आधी शोरूम गाठतात. भिंतीवर काळ्या मॅट रंगाचा, ताटाएवढा रेन शॉवर लावलेला असतो. सेल्समन कळ फिरवतो, पाणी कोसळतं आणि खरेदी तिथेच पक्की होते. मग तोच शॉवर टाकीच्या पायथ्याशी असलेल्या शेवटच्या मजल्यावर लागतो आणि पाणी नुसतं ओघळत राहतं. किंवा तो जोरात चालतो, पण चौथ्या मिनिटाला पाणी गार होतं. किंवा सगळं झकास चालतं आणि पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहतात: "अगं, आमच्या छताला ओल आलीय, जरा येऊन बघतेस का?"

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी खालचं छत, मग सांडपाणी, ढाळ, वॉटरप्रूफिंग, भिंतीतल्या लाइनी, काच, आणि शॉवरचं तोंड सगळ्यात शेवटी. डोळ्यासमोर आहे ते आपलं नेहमीचं ४ बाय ७ किंवा ५ बाय ७ फुटांचं बाथरूम, वर माळा आणि एका भिंतीला डक्ट, म्हणजे पाइपांचा उभा बोळ.

तोडकामाआधी

सोसायटीला अर्ज द्या. सोबत हाताने काढलेला का होईना, पण मापांसह नकाशा जोडा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास, बाथरूम, सिंकमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. म्हणजे काम बिघडलं तर खालच्या घराचा रंगही तुमच्याच खिशातून.

त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी खालच्या घरी जा, चहा घ्या आणि त्यांच्या परवानगीने त्यांच्या बाथरूमच्या छताचे, पाइपांच्या सांध्यांचे आणि बाजूच्या भिंतींचे फोटो काढा. तारखेसह दोघांच्या फोनमध्ये ठेवा. आधीपासूनचा डाग कुठला आणि नवा कुठला, हा वाद पुढे उरत नाही. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडे मागा. बाथरूमच्या स्लॅबबद्दल त्यात काही लिहिलं असेल तर टाइलच्या आधी स्लॅबमधल्या सळ्यांचं बघावं लागेल.

एक मोह टाळा. शॉवर मोठा करण्यासाठी पॅसेज किंवा बेडरूमचा दोन फुटांचा तुकडा बाथरूममध्ये ओढू नका. बाथरूमखालचा स्लॅब खाली दाबलेला, म्हणजे सनकन असतो. बाहेरचा सपाट असतो. त्या सपाट भागावर ओली जागा केली की पाणी सरळ खालच्यांच्या पलंगावर उतरायला मोकळं. कंत्राटदार "होऊन जाईल" म्हणेल. होतंही. पण जागा आहे तेवढ्यातच बसवा.

वेळ शक्यतो दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतची ठरवा. पावसाळ्यात कोटिंग वाळायला वेळ लागतो आणि ओल नळाची की पावसाची हेही कळत नाही. दिवाळी-होळीला कारागीर गावी जातात, ते दिवस वगळून तीन ते चार आठवडे धरा. डेब्रिज गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवलेलं कुठल्याच सेक्रेटरीला आवडत नाही. ते उचलून नेण्याचं काम कोणाचं, हे आधीच लेखी ठरवा.

खडूने आखा आणि आत उभे राहा

शॉवरची जागा कागदावर ठरत नाही. जमिनीवर खडूने चौकोन आखा आणि बादली घेऊन त्यात उभे राहा. वाकून पाय धुता येतात का? केसांना शांपू लावताना कोपर भिंतीला लागतं का? ३ बाय ३ फूट ही सोयीची किमान जागा. पावणेतीन फुटांत भागतं, त्याखाली काचेचा विचारच सोडा आणि पडदा लावा. पडद्यात कमीपणा काही नाही, फक्त तो दर महिन्याला धुवावा लागतो.

४ फूट रुंद बाथरूममध्ये सगळ्यात सरळ रचना अशी: दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड, टोकाला पूर्ण रुंदीचा शॉवर, ४ फूट रुंद आणि ३ फूट खोल. त्यापुढे २ फुटांची स्थिर काच आणि २ फुटांची मोकळी वाट. दार नाही, बिजागरी नाही, बिघडायला काही नाही. माझं मत विचाराल तर मुंबईतल्या दहापैकी आठ बाथरूमना हीच रचना पुरते.

बादलीचं विसरू नका. पाणीकपात जाहीर झाली, टाकी धुवायची निघाली, पंप बिघडला की आपण सगळे बादली-मगावर येतो. शॉवरखाली एक साधा बिब कॉक, म्हणजे बादली भरायचा नळ, हवाच, जमिनीपासून साधारण २ फुटांवर, म्हणजे बादली खाली नीट बसते. घरात आजी-आजोबा असतील तर बसून अंघोळ करण्याची सोयही इथेच ठरवायची. बांधीव कट्टा छोट्या जागेत अडचण करतो. त्यापेक्षा पायांना रबर असलेलं स्टूल आणि भिंतीला आधाराचा दांडा, साधारण ३० ते ३३ इंच उंचीवर. अभ्यंगस्नानाच्या दिवशी तेल-उटण्याने फरशी कशी होते ते आठवा, म्हणजे दांडा फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही हे पटेल.

पाण्याचा हिशेब

पाण्याचा जोर मोजायला यंत्र लागत नाही. जुन्या शॉवरचं तोंड काढा आणि त्या पाइपातून १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा. मिनिटाच्या आत भरली तर मध्यम आकाराचा ओव्हरहेड शॉवर चालेल. दीड मिनिट लागत असेल तर मोठ्या शॉवरचं स्वप्न सोडा आणि कमी दाबावर चालणारा छोटा शॉवर घ्या.

कारण साधं आहे. दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर ४ मीटरवर असेल तर तुमच्या वाट्याला अर्धा बारही येत नाही, आणि कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी वरच्या शॉवरला की हँड शॉवरला हे ठरवणारी, भिंतीत गाडलेली कळ), फिल्टर, वळणं त्यातलाही खातात. शॉवरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किमान दाब लिहिलेला असतो. रंग बघायच्या आधी तो आकडा बघा. घरात स्वतंत्र प्रेशर पंप बसवायचा असेल तर सोसायटीला विचारून, कारण सामाईक लाइनमधून तुम्ही ओढलेलं पाणी शेजाऱ्याच्या नळाचं असतं. टॉवरमध्ये उलटी अडचण: खालच्या मजल्यांवर दाब जास्त, तिथे प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह (दाब कमी करणारी झडप) चालू स्थितीत आहे का ते बघून घ्या.

जुन्या इमारतींत दोन लाइनी असतात: पालिकेची थेट, ठरावीक वेळ येणारी, आणि टाकीची. मिक्सरला गार पाणी एका लाइनचं आणि गिझरला दुसऱ्या लाइनचं, असं कधीही करू देऊ नका. दोन्ही बाजूंचा दाब वेगळा असला की पाणी मध्येच कढत, मध्येच गार होतं आणि जास्त दाबाची लाइन दुसरीत घुसते. दोन्ही टाकीवरच घ्या.

आता गरम पाणी. गिझरमध्ये २५ लिटर पाणी ६० अंशांवर आहे, नळाचं २५ अंशांचं, आणि अंघोळीला ४० अंश हवं. मिश्रण करून साधारण ५८ लिटर मिळतं. रेन शॉवर मिनिटाला १२ लिटर घेत असेल तर पाच मिनिटं. १५ लिटरच्या गिझरवर तोच हिशेब ३५ लिटरचा, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात गार पाणी आत शिरत असल्याने थोडं कमीच मिळतं. २ किलोवॉटच्या गिझरला तेच २५ लिटर पुन्हा तापवायला अर्धा तास लागतो. चौघांचं घर, सकाळी सात ते आठची घाई, तर मोठ्या शॉवरपेक्षा मिनिटाला ६-७ लिटरचा हँड शॉवर जास्त सुख देतो. दोन्ही हवे असतील तर डायव्हर्टरवर दोन्ही घ्या, रोजचा हँड शॉवर आणि रविवारचा वरचा.

जाळी आणि ढाळ

इथे थांबून विचार करा, कारण टाइल बसल्यावर ढाळ बदलता येत नाही.

जुना नहाणी ट्रॅप (जाळीखालची, पाणी साठून राहणारी वाटी) बहुधा बाथरूमच्या मध्ये किंवा दाराजवळ असतो. शॉवर टोकाला गेला की ट्रॅपही तिथे न्यावा लागतो, नाहीतर अंघोळीचं पाणी काचेखालून कमोडला वळसा घालत जातं. शॉवरच्या आत स्वतंत्र ट्रॅप आणि बाहेरच्या कोरड्या भागाला दुसरा, हे उत्तम. पाइप ७५ मिमीचा घ्या आणि डक्टकडे जाताना त्यालाही उतार मिळतोय का ते लेव्हल पाइपने तपासा. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी साठून राहिलं पाहिजे. तेच पाणी वास आणि झुरळं अडवतं. उथळ ट्रॅप घातला की महिनाभर गावी जाऊन आल्यावर बाथरूम काय ते सांगतं.

शॉवरच्या आत ढाळ १ला ६०, म्हणजे दर ६० इंचांमागे १ इंच, धरा. म्हणजे जाळीपासून साडेतीन फुटांवरच्या कोपऱ्यात फरशी पाऊण इंचाला थोडी कमी इतकी उंच. बाहेरच्या भागात १ला १०० पुरतो. कारागीर "डोळ्याने बरोबर आहे" म्हणाला तरी टाइल चिकटण्याआधी मगभर पाणी ओतून बघा.

चौकोनी जाळी मध्ये असेल तर फरशीला चारही बाजूंनी उतार लागतो आणि मोठी टाइल तिरकी कापावी लागते. तिथे छोट्या टाइल घ्या. लांबट लिनिअर ड्रेन भिंतीलगत टाकला तर एकाच बाजूने उतार पुरतो आणि मोठी टाइलही सरळ बसते. पण त्याला खाली खोली लागते, आणि त्यात अडकलेले केस दर आठवड्याला काढावे लागतात. ते काम घरात कोण करणार हे ठरलं नसेल तर साधी गोल जाळी बरी.

शॉवरच्या कडेला ग्रॅनाइटची पट्टी उभी करा किंवा आतली फरशी बाहेरच्यापेक्षा एक इंच खाली ठेवा. वयस्कर माणसं असतील तर पट्टी नको, नुसता उतार आणि लिनिअर ड्रेन.

वॉटरप्रूफिंग

बजेट कापायचंच असेल तर दुसरीकडे कुठेही कापा, इथे नाही.

तोडकाम स्लॅबपर्यंत गेलं पाहिजे. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवण्याचा सल्ला मिळेल. शॉवरची जागा बदलत असाल तर तो ऐकू नका. भराव (दाबलेल्या स्लॅबवर टाइलखाली भरलेला थर) काढल्यावर स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवा. भेगा, गंजलेल्या सळ्या, सुटलेलं काँक्रीट दिसलं तर आधी त्याची दुरुस्ती. पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो ती भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. गळती बहुतेक वेळा फरशीच्या मधून होत नाही, पाइपाच्या गळ्यातून आणि कोपऱ्यातून होते.

मग जमीन-भिंत मिळते त्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, द्या. त्यावर फायबरची जाळी आणि पॉलिमर-सिमेंटच्या दोन घटकांच्या कोटिंगचे दोन हात, एक उभा, एक आडवा. पहिला वाळल्यावरच दुसरा. डब्यावर मिश्रणाचं प्रमाण आणि वाळण्याचे तास लिहिलेले असतात. कारागीर अंदाजाने पाणी वाढवत असेल तर तिथेच थांबवा. भिंतीवर हे कोटिंग बाहेरच्या भागात एक फूट आणि शॉवरच्या आत शॉवरच्या उंचीपर्यंत न्यायचं.

आता पाणी भरा. ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी, पेन्सिलने पातळीची खूण, आणि ४८ तास वाट. खाली निरोप द्या, छत बघत राहायला सांगा. उन्हावाऱ्याने पातळी किंचित उतरते, पण बोटभर उतरली तर गळतंय. ही चाचणी दोनदा: एकदा स्लॅबवरच्या कोटिंगनंतर, एकदा नवा भराव टाकून त्यावर केलेल्या कोटिंगनंतर. कंत्राटदाराला घाई असते म्हणून दुसरी टळते. तुम्ही टाळू देऊ नका.

भरावाबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. ४ बाय ७ च्या जागेत एक फूट खोल भराव म्हणजे २८ घनफूट, आणि ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, असेल तर सव्वा ते दीड टन वजन. जुन्या इमारतीत हे वजन कमी करणं शहाणपणाचं. हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरले तर ते निम्म्याच्या आसपास येतं. हे ब्लॉक पाणी मात्र पितात, म्हणून वरचं कोटिंग आणखी काळजीने. भरावाच्या तळातून डक्टमध्ये उघडणारा एक छोटा पाइप ठेवायला सांगा. आत कधी पाणी शिरलंच तर ते तिथून ठिबकताना दिसेल, काकूंच्या छतातून नाही.

भिंतीतल्या लाइनी

लाइनी सीपीव्हीसीच्या, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, घ्या, कारण गरम पाणी आहे. आरसीसीच्या खांबात किंवा तुळईत झिरी मारू देऊ नका, अर्धा इंचही नाही. नव्या इमारतींतल्या बाथरूमच्या भिंती ४ इंची, हलक्या ब्लॉकच्या असतात. कन्सील्ड डायव्हर्टरचा डबा सुमारे ३ इंच खोल जातो, म्हणजे भिंतीचा कागद होतो. अशा वेळी भिंतीपुढे ४ इंचांची दुसरी अर्धी भिंत चढवा. जागा थोडी जाते, पण लाइनी, डायव्हर्टर आणि साबणाचा कोनाडा तिघांची सोय एकदम होते.

कोनाडा १२ बाय २४ इंचांचा, तळ किंचित शॉवरकडे उतरता, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. बाहेरच्या भिंतीत तो कोरू नका. नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस त्याच भिंतीवर असतो आणि तुम्ही तिची जाडी कमी करताय.

मिक्सरची कळ साडेतीन फुटांवर आणि शक्यतो पाण्याच्या धारेबाहेर हात पोहोचेल अशी. शॉवरच्या बरोबर खाली कळ लावली की रोज सकाळी पहिला गार फवारा अंगावर. वरचा शॉवर ७ फुटांवर. माळा खाली उतरलेला असेल तर आधी माळ्याची उंची मोजा. कित्येक घरांत शॉवर छताला लावायची हौस इथेच संपते. टाइल लावण्याआधी सगळ्या लाइनींना दाब देऊन रात्रभर ठेवा आणि टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. दांड्यासाठी भोक पाडताना हेच फोटो पाइप वाचवतात.

टाइल

मोरबीच्या टाइलनी दुकानं भरलेली आहेत, निवड तुमची. जमिनीला गुळगुळीत ग्लॉसी नको, आर १० किंवा आर ११ दर्जाची अँटिस्किड, म्हणजे न घसरणारी, घ्या. विट्रिफाइड टाइल साध्या सिमेंटवर नीट धरत नाही, पिशवीवर आयएस १५४७७ लिहिलेलं अॅडहेसिव्ह वापरा, आणि शॉवरच्या आत सांध्यांना इपॉक्सी ग्राउट. महाग वाटेल, पण सांधे काळे पडत नाहीत.

काच

काचेचं माप टाइल लागल्यावरच द्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, आणि आपल्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात, त्यामुळे वर, मध्ये, खाली अशी तीन मापं. स्थिर काच ८ मिमीची पुरते. दोन फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच अशा काचेचं वजन सुमारे २४ किलो भरतं. दार केलंत तर ते सगळं बिजागऱ्यांवर येतं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर सुटतात, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का होणारा बोल्ट) लागतो. दार केलंच तर ते बाहेर उघडणारं हवं. आत कोणी घसरून पडलं तर आत उघडणारं दार उघडत नाही. समुद्राजवळ राहत असाल तर बिजागऱ्या आणि हँडल ३१६ दर्जाच्या स्टीलचे मागा. ३०४ वर खाऱ्या हवेचे डाग लवकर येतात. इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरे ठिपके येणारच. अंघोळ झाल्यावर रबरी वायपरने काच निपटायची सवय नसेल तर काच कमी ठेवा.

वीज आणि हवा

गिझरसाठी १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. स्विच शॉवरच्या फवाऱ्याबाहेर. उंच इमारतीत ८ बार दाबाचा गिझर घ्या.

गॅस गिझर बाथरूमच्या आत नको, खिडकी असली तरी नको. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास येत नाही, आणि माणूस शुद्ध हरपून पडतो. आधीपासून आत असेल तर या कामातच त्याची जागा बदला.

एक्झॉस्ट फॅन अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालायला हवा, आणि त्याला हवा आत यायला दाराखाली अर्धा इंच फट. जुलैत खिडकी उघडी ठेवून बाथरूम वाळत नाही.

शेवटी शॉवर

आता शोरूमला जा. दाब, गिझर, उंची, डायव्हर्टरचा प्रकार हातात असतील तर निवड दहा मिनिटांत होते. डायव्हर्टरचा आतला भाग भिंतीत कायमचा जातो, म्हणून त्याचे सुटे भाग आणि कार्ट्रिज मुंबईत सहज मिळतात का ते विचारा. अपरिचित नावाच्या देखण्या मालाला इथेच नकार द्या. शॉवरच्या तोंडाला रबरी छिद्रं असली की क्षार बोटाने चोळून निघतात.

काच आणि फरशीच्या सांध्यांना बुरशीरोधक सिलिकॉन भरून घ्या आणि एक दिवस पाणी लावू नका. मग शॉवर पूर्ण उघडून दहा मिनिटं चालवा. काचेबाहेर पाणी येतंय का, जाळीवर साचतंय का, खालच्यांच्या छताच्या सांध्याला थेंब दिसतो का, हे तिन्ही बघा. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्यायचा, असं करारातच लिहा, आणि वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची आणि कशाकशाची तेही कागदावर घ्या. तोंडी हमी त्याचा फोन लागतो तोपर्यंतच चालते.